रकानेतात्या आणि देवरहाट्यांची यादी

रकानेतात्यांना एखादे झाड दिसले की ते आधी त्याचे नाव विचारीत, मग ते कोणाच्या हद्दीत उभे आहे ते विचारीत, आणि दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्याच्या सावलीत बसत नसत. एकदा भर चैत्रात आमच्या परसातल्या फणसाखाली ते छत्री उघडून उभे राहिले होते, कारण तो फणस आमचा की शेजारच्यांचा हा वाद त्या वेळी कोर्टात होता. माझ्या वडिलांनी बसायचा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "निकाल लागू दे, मग टेकेन."

सुहास, तू मागच्या पत्रात लिहिलेस की तुमच्याकडे सरकार रानेच्या राने राखून ठेवते आणि त्यांची छापील यादी मिळते. आपल्या रत्नागिरीत असे काही होते का, असे तू विचारलेस. राने होती, यादीही होती. ती करणारा माणूस मी जवळून पाहिला, आणि ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढण्याचे पाप माझ्याच हातून घडले. म्हणून तुम्हा तिघा भावंडांना हे सविस्तर लिहिते आहे. तात्यांचे खरे नाव सांगत नाही. त्यांचे नातू आता मोठे अधिकारी आहेत आणि त्यांना विनोदाचे अंग नाही.

तात्यांनी तीस वर्षे कचेरीचे दप्तर सांभाळले. त्या काळी सरकारी कागद जाड कापडात गुंडाळून गाठ मारून फळीवर ठेवीत, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. असे शेकडो रुमाल तात्यांच्या ताब्यात होते. कोणताही कागद मागा, तात्या उठत, एक गाठ सोडत आणि तोच कागद घेऊन परत येत. त्याचा त्यांना इतका गर्व होता की तो त्यांच्या चालण्यातही दिसे. "माझ्या हातून कागद हरवायचा, तर आधी मी हरवायला हवा," असे ते येता-जाता सांगत. दप्तरात नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देवळाची सनद दप्तरात होती म्हणून. घरी आमटी अळणी झाली तरी ते सरळ बोलत नसत. "हरकत नोंदवून घे," म्हणत. काकू शांतपणे ताटात मीठ वाढीत आणि म्हणत, "घेतली."

पेन्शन झाल्यावर अशा माणसाचे घरात काय होते ते तुम्हाला कल्पनेने कळणार नाही. त्यांनी माळ्यावरचे नारळ आकाराप्रमाणे लावले, अडगळीतल्या दोऱ्यांना चिठ्ठ्या बांधल्या, आणि काकूंच्या मसाल्याच्या डब्यावर रकाने आखलेला कागद चिकटवला. काकूंनी देवाला नवस बोलायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात कचेरीत एक नवा साहेब आला.

साहेबाला झाडापाखरांचे वेड होते. त्याने देवरहाट्यांबद्दल ऐकले. देवरहाटी म्हणजे गावाने देवाच्या नावाने सोडलेले रान. तिथली वाळकी काटकीही कोणी घरी नेत नाही, नेली तर देव बघून घेतो. साहेब म्हणाला, अशी राने राखली पाहिजेत, आणि राखायची तर आधी ती किती आणि कुठे आहेत ते कळले पाहिजे. हे काम फुकट कोण करील, असा प्रश्न निघाला. तात्यांनी मात्र ते वाक्य "हे काम योग्य रीतीने कोण करील" असे ऐकले असावे. त्याच संध्याकाळी ते आमच्या ओटीवर कोरे कागद घेऊन हजर झाले.

यादी इंग्रजीत हवी होती, आणि तात्यांना इंग्रजी येत नव्हते. मला येत होते. दोनच वर्षांपूर्वी याच ओटीवर बसून त्यांनी माझ्या वडिलांना बजावले होते की मुलीला इंग्रजी शिकवणे म्हणजे बोक्याला पोहायला शिकवणे. आता ते माझ्यासमोर दौत सरकवून म्हणाले, "शिकलीच आहेस गो बायो, तर वाया का घालवावं?" मत बदलले असे ते म्हणाले नाहीत. मते बदलायला त्यांच्या मते वरून हुकूम यावा लागे.

तेरा रकाने त्यांनी स्वतः आखले. गाव, दैवत, हद्द, क्षेत्र, झाडांच्या जाती, मोठ्या झाडांचे घेर, असे करत शेवटचा शेरा. साहेबाने मागितला नव्हता असा एक रकाना त्यांनी आपल्या डोक्याने घातला: बंदरापासून अंतर. साहेबलोकांना पाहायला जाणे सोपे पडावे म्हणून. या रकान्याचा त्यांना विशेष अभिमान होता.

माझ्या आजोळची देवरहाटी त्यांनी मोजली तेव्हा मी बरोबर होते. पूर्णगडच्या खाडीतून होडीने गेलो. काकू मला सोबत म्हणून आल्या होत्या, म्हणजे खरे तर मसाल्याच्या डब्यापासून चार दिवस सुटका म्हणून. देवाच्या रानात दोरी लावायची तर कौल घ्यायला हवा, असे तिथला गुरव म्हणाला. देवाच्या पाषाणावर तो ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. तात्या छत्रीवर रेलून म्हणाले, "हरकत असेल तर देवाने लेखी द्यावी."

गुरव तंबाखू चघळत होता. त्याने मान वर केली नाही. "देवाला लिवायला येत नाय, तात्यानू," तो म्हणाला. "तो काय कचेरीत व्हता?"

दुपारी पुन्हा कौल लावला. या वेळी उजवी पडली. पहिल्या कौलाला तात्यांनी नारळ दिला नव्हता आणि दुसऱ्याला दिला, एवढीच मधली घडामोड माझ्या लक्षात आहे.

आत गेलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तात्यांना गप्प झालेले पाहिले. बाहेर जांभ्याच्या उघड्या सड्यावर ऊन मी म्हणत होते, आणि इथे पायाखाली ओलावा, डोक्यावर आभाळाचा तुकडाही नाही. सातविणीच्या बुंध्याला दोरी पुरेना. मांडीएवढ्या जाड वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. तात्यांनी वहाणा तर बाहेरच काढल्या होत्या, आता पागोटेही काढले आणि पुन्हा घातले. मग घसा साफ करून ते मला मजकूर सांगू लागले.

तो मजकूर रकान्यांत बसेना. झऱ्याला रकाना नव्हता, काळोखाला नव्हता, पाखरांना नव्हता. तेव्हा ते सगळे शेऱ्यात गेले. त्यातले काही मला अजून पाठ आहेत. "भर दुपारी दिवा लावावा इतका काळोख." "झरा. बारमाही. मालक आढळला नाही." "धनेश पक्ष्याचे जोडपे. मादी ढोलीत कोंडून घेते, नर तिला भरवतो. वहिवाट जुनी दिसते." मी विचारले, साहेबाला याचा काय उपयोग? "खरं आहे ना?" तात्या म्हणाले. "मग लिही. आणि मालक आढळला नाही, ते ठळक काढ."

दीड वर्ष ते असे तालुक्यामागून तालुका फिरले. पायाला कुरुपे झाली, दोनदा हिवताप झाला. परत आले की मी उतरवून काढी आणि ते पलीकडे बसून, एक अक्षर कळत नसताना, माझ्या ओळी सरळ आहेत की नाहीत ते तपासत. यादी पुरी झाली, तिला आवक नंबर पडला, ती रुमालात गेली. साहेबाने तात्यांशी हस्तांदोलन केले. तो हात त्यांनी आठवडाभर जेवताना सोडून कशालाच वापरला नाही, असे काकू सांगत. मग साहेबाची बदली झाली आणि त्याच्या जागी आलेल्याला झाडांतून फक्त लाकूड दिसत होते. झाडे सरकारी जमिनीत उभी आहेत आणि पिकली आहेत, असे त्याचे म्हणणे पडले. लिलाव झाला.

लाकडाचा मक्तेदार मुंबईहून बोटीने आला. फार सभ्य माणूस. तात्या आमच्याकडे आहेत असे कळल्यावर हलव्याची पेटी घेऊन मुद्दाम आभार मानायला आला. म्हणाला, तुमची यादी नसती तर आम्ही रानोमाळ भटकलो असतो. बंदराजवळची आधी, लांबची मागाहून, असे सगळे तुम्ही ताटात वाढून ठेवले आहे. त्याच्या हातात टाईप केलेली पाने होती, बंदरालगतच्या तेवढ्याच गावांची. उरलेली पुढच्या वर्षी टाईप व्हायची होती. तात्यांनी पाने मागून घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण रकाने मोजता येत होते. त्यांनी दोनदा मोजले.

"बारा आहेत," ते म्हणाले. "एक कमी आहे."

"शेरा गाळला," मक्तेदार म्हणाला. "फार जागा खात होता."

आजोळची देवरहाटी त्या माघात पडली. गावाचा विरोध झाला असे मला लिहायला आवडले असते. देवळावर मंगलोरी कौले घालून देतो, असे मक्तेदाराने कबूल केले आणि देवाने पहिल्याच फटक्याला उजवी दिली. नारळसुद्धा लागला नाही. तात्या पाहायला गेले. माझ्या मामांनी नंतर सांगितले ते असे: ओंडके खाडीकडे ओढत नेत होते, झऱ्याच्या जागी चिखल होता, आणि तात्या उन्हात नुसते उभे होते. गुरव देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याने इतकेच म्हटले, "आता मोजा, तात्यानू. आता लवकर व्हईल." कौल त्यानेच लावला होता, तेव्हा हे तो कोणाला म्हणत होता कोण जाणे. पण तात्यांनी ते आपल्याकडे घेतले.

परतल्यावर चौथ्या दिवशी ते सकाळीच आमच्याकडे आले. हातात त्यांची मराठी टाचणे होती, दीड वर्षाची. माझ्याकडे यादीची कच्ची प्रत होती ती त्यांनी मागितली. दोन्ही घेऊन ते सरळ मागच्या दारी गेले आणि न्हाणीच्या चुलीत एकेक पान घालू लागले. मी घाबरले. या माणसाने धोब्याची चिठ्ठीसुद्धा कधी फाडली नव्हती.

"कच्च्याला नंबर नसतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नंबर नाही तो कागद नव्हे."

"आणि पक्की यादी?"

"तिला नंबर आहे. तिला जाळलं तर तो गुन्हा." हातातले पान त्यांनी चुलीत सरकवले. "कागद हरवला, तर तो नुसता गलथानपणा."

हे शेवटचे शब्द त्यांनी कसे उच्चारले ते मला लिहिता येत नाही. दुसऱ्या माणसाने खून हा शब्द तसा उच्चारला असता. मग ते उपरणे झटकून कचेरीत गेले. पेन्शनीतही आठवड्यातून एकदा ते रुमालांची खुशाली विचारायला जातच, त्यामुळे कोणी अडवले नाही.

पुढच्या वर्षी उरलेली पाने टाईप करायला काढायची वेळ आली आणि यादी मिळेना. सगळे रुमाल सुटले. शेवटी तात्यांना बोलावणे गेले, कारण कागद काढून द्यायचा तर तो तात्यांनीच. त्यांनी तीन दिवस शोधले. नाटक नव्हे, खरोखर शोधले. धूळ खाऊन खोकत, घामाघूम होत, एकेक गाठ सोडत. तिसऱ्या दिवशी वडील आपल्या कामासाठी कचेरीत होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. तात्या साहेबासमोर उभे राहिले आणि सगळ्या कारकुनांच्या देखत म्हणाले, "सापडत नाही, साहेब."

साहेब इंग्रजीत म्हणाला की म्हातारा कामातून गेला आहे, याला पुन्हा दप्तरात येऊ देऊ नका. ते तात्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. कारकून तर कितीतरी वर्षे या दिवसाची वाट बघत होते. बाजारात लोक हाक मारून विचारू लागले, तात्या, छत्री आहे ना, की तीही हरवली? तात्या थांबत, छत्री दाखवत आणि पुढे जात. मक्तेदाराने यादीवाचून दोन-चार गावे फिरून पाहिली. प्रत्येक गावी निराळा देव, निराळा गुरव आणि निराळी कौले मागणारे पंच. तो कंटाळला आणि दुसरीकडे गेला. पण त्या दोन गोष्टींचा मेळ गावात कोणी घातला नाही. हसण्यातून सवड मिळाली नसावी.

लग्न होऊन मी मुंबईला निघाले तेव्हा निरोप घ्यायला गेले. तात्या बाजेवर पडून होते, बरेच खंगले होते. काकू आत गेल्या तेव्हा मी हळूच विचारले, कोणत्या रुमालात ठेवलीत?

"मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "डोळे मिटून घातली. उघडे ठेवले असते तर साहेबाला सांगावं लागलं असतं."

म्हणजे 'सापडत नाही' हे खरे व्हावे म्हणून त्यांनी आधी आपलेच डोळे मिटले होते. आणि ते तीन दिवस? मी विचारले. ते हसले नाहीत. प्रत्येक गाठ भीत भीत सोडली, म्हणाले, सापडली तर द्यावीच लागली असती. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरला. तो माणूस कोणाचा हात धरणारा नव्हता.

"एकच धास्ती आहे गो बायो. दप्तर मीच लावलंय. त्यात कागद फार दिवस हरवून राहायचा नाही."

ते त्याच पावसाळ्यात गेले, आणि ही काळजी बरोबर घेऊन गेले. ती करण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्या रुमालांची जी दशा केली, तीत त्यांची यादीच काय, आख्खा तालुका कोणाला सापडायचा नाही.