मामाची काच आणि मामीची खुंटी

मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतोही लिफ्टसारखा. आधी घशात घर्र होतं, मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि आपण कंटाळून जिन्याकडे वळलो की वाक्य येऊन पोहोचतं. मामीचं उलट. ती शिवणकाम करते, त्यामुळे तिच्या ओठांत सदैव चार टाचण्या. टाचण्या असल्या की प, फ, ब, भ, म ही मंडळी बाद. ‘पंखा बंद करा’ म्हणता येत नाही, म्हणून ती म्हणते, ‘छताला गरगरतंय ते रोखा.’ मामा रोखतो. वीस वर्षांचा संसार असा अर्ध्या मुळाक्षरांवर चाललाय. पण मामीने टाचण्या काढून उशीत खोचल्या की घरातल्या सगळ्यांना कळतं, आता पूर्ण बाराखडी येणार.

त्या दिवशी तिने चारही काढल्या. शिवण शिकायला सहा मुली विचारून गेल्या होत्या, सोमवारपासून येणार म्हणत होत्या. आणि मामीचं मशीन बोळात, न्हाणीघराच्या दारासमोर. कुणाला आंघोळीला जायचं तर आधी मामीने खुर्ची ओढायची, मग पोटात पाय घेऊन बसायचं. सहा मुलींना तिथे बसवलं असतं तर घरात कुणाची आंघोळच झाली नसती.

“मला मागची खोली हवी,” मामी म्हणाली.

मागची खोली म्हणजे मामाची प्रयोगशाळा. खिडकीला काळी ताडपत्री, आणि मधोमध जुन्या ओट्याची दगडी फरशी, स्कूटरच्या चार अर्धवट फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवलेली. फरशीवर लेझर, एक भिंग आणि काच उभी धरायचा लोखंडी स्टँड. कोपऱ्यात काच धुवायच्या औषधांच्या तीन ट्रे, ज्यांना मामी ‘तीन आंघोळी’ म्हणते. तिथे मामा होलोग्राम बनवतो. साध्या फोटोत वस्तू कागदाला चिकटलेली असते. होलोग्रामची काच म्हणजे खिडकी. डावीकडून बघितलं तर वस्तूची डावी बाजू दिसते, मान वर केली तर वस्तूमागे काय दडलंय तेही दिसतं. हात घालावा तर मागे हवा. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण काचेच्या मागे बोट घालतो. दुसऱ्यांदा बघणाराही.

अट एकच. लेझरचा उजेड पडतो ती पंचवीस सेकंदं काहीही हलता कामा नये, आणि काहीही म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतकंही नाही. जे हललं ते काचेत उमटतच नाही, त्याच्या जागी अंधार. त्यामुळे मामाचं चित्र काढणं चालू असलं की फ्रिज बंद, नळ बंद, पंखा बंद. शिंक आली तर ती गिळायची. मामा तळहात भिंतीला टेकवून उभा राहतो आणि सांगतो, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, किंवा पलीकडे कुणीतरी कपाट लावलं. सगळं आयुष्य लिफ्टच्या थरथरीत गेल्यावर माणसाचा तळहात असा होतो.

सहा वर्षांत त्याने एकोणतीस काचा केल्या. नट, बोल्ट, किल्ली, कप्पी, दातेरी चाक, परत बोल्ट. घरचे ‘छान’ म्हणायचे. मामीचं म्हणणं असं, की खरे बोल्ट घरात पोतंभर आहेत आणि त्यांच्या तर मागेही बघता येतं.

घर्र झालं. आम्ही थांबलो. “लेझर कुठे नेऊ?” मामाने विचारलं.

“माझं मशीन आहे तिथे.”

बोळातून कुणी चाललं तरी जमीन हादरते, तिथे होलोग्राम होणार म्हणजे रेड्याला दूध येणार. लेझर बोळात म्हणजे लेझर माळ्यावर, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामाचा चेहरा दोन मजल्यांच्या मधे अडकला.

तेवढ्यात वरच्या हेडबाई पडद्याची दुमड घालून न्यायला आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. यांचं कुठलंही वाक्य पूर्ण होत नाही, शेवटचा शब्द वर्गाने भरायचा असतो. भांडण ऐकून त्या खुश झाल्या. “खोली एक आणि माणसं दो...?” आम्ही म्हटलं, दोन. “म्हणजे काढावा लागेल तोड...?” कुणीच भरलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच ‘गा’ लावला.

तोडगा मामीनेच काढला. एक काच करून दाखवा, म्हणाली, पण वस्तू मी देणार. ती काचेत नीट दिसली तर खोली तुमची, मी परत कधी विषय काढणार नाही. नाही दिसली तर सोमवारी मशीन आत. मामाने मान डोलावली. मग मामी गॅलरीतून वस्तू घेऊन आली, आणि मामाला हसू आवरेना.

ती खुंटी होती. म्हणजे निवडुंग होता, पण तीन वर्षं घरात त्याला सगळे खुंटी म्हणत होते. मामीला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला. वीतभर उंच, करड्या रंगाचा, ना नवा काटा ना नवी फांदी. मामा त्याच्यावर टोपी अडकवायचा. हा मेलाय, फेकून दे, असं त्याने किमान शंभरदा सांगितलं असेल. मामी ऐकलं न ऐकलंसं करून आठवड्याला चमचाभर पाणी घालायची. मेलेल्याला पाणी पाजतेस, असं मामा चिडवायचा. ती टाचण्यांआडून काहीतरी म्हणायची, ज्यात प-फ-ब-भ-म नसल्यामुळे आम्हाला वाटायचं सौम्य असेल.

झाडपाला होलोग्रामला चालत नाही. जिवंत पान आपल्याला दिसत नाही इतकं हळू, पण सतत हलत असतं. मामा हे सगळ्यांना सांगून चुकला होता. पण ही तर खुंटी. त्याने हेडबाईंना समजावलं की मेलेल्या वस्तूइतकं गुणी गिऱ्हाईक नाही. बोल्टसुद्धा तापला तर फुगतो, ही तर तेही करणार नाही.

“म्हणजे तुमचा वि...?” हेडबाई म्हणाल्या.

“विजय,” मामा म्हणाला. एरवी त्याचं उत्तर इतक्या लवकर कधी येत नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता फ्रिज बंद झाला. हेडबाई मुद्दाम खालीच येऊन बसल्या, म्हणजे वर कुणी चालायला नको. मामाने कुंडीत खडे दाबून बसवले, खुंटीशेजारी आधाराची लाकडी काडी होती ती तशीच ठेवली, काच स्टँडमध्ये लावली आणि दार बंद केलं. आम्ही बाहेर अर्धा तास गप्प. फरशी शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. मामीने श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेतला. तिला खोली हवी होती, पण कुणी तिच्यावर लबाडीचा आळ घ्यायला नको होता, म्हणून सगळ्यांत गप्प तीच होती. मग आतून मामाचं मोजणं ऐकू आलं, पुटपुटत, पंचवीसपर्यंत.

तिन्ही आंघोळी झाल्या. ओली असताना काचेत काही दिसत नाही, सगळी काच गढूळ. मामाने मामीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि बोळात, मशीनवरच्या दिव्याखाली काच धरली. काच वाळत गेली तसा एका कोपऱ्यातून सोनेरी-हिरवा रंग चढायला लागला. आधी कुंडीचा काठ आला, त्याच्यावरचा टवका आला. मग खडे, एकेक मोजून घ्यावेत असे. मग काडी, तिच्या लाकडाच्या रेषांसकट. हेडबाईंनी काचेमागे बोट घातलं.

आणि खुंटीच्या जागी खुंटीच्या आकाराचं काळं भोक होतं.

वीतभर उंच. काट्यांच्या जागी काळी कुसळं. जणू कुणीतरी कात्रीने हवेतून निवडुंग कापून नेलाय आणि बाकी सगळं ठेवलंय. मामाने काच डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. भोक ढिम्म.

हेडबाई मामाच्या बाजूने बोलायला निघाल्या. फरशी हलली असेल, म्हणाल्या, किंवा बाहेरून ट्र... ‘ट्रक’ असं मी मनातच म्हटलं. मामीलाही कसंतरी झालं. तिने सांगितलं की तुमच्याकडे अजून एक काच आहे ना, ती वापरा, ही मी मोजत नाही. मामाने नुसतं ‘बरं’ म्हणायचा अवकाश, खोली वाचवायची अजून एक संधी हातात होती.

घर्र झालं. या वेळी इतका वेळ लागला की हेडबाईंनी पडदा घडी करून काखेत घेतला.

“फरशी हलली असती तर काडीही गेली असती,” मामा म्हणाला. “काडी त्याच मातीत आहे. काही हललं असेल तर फक्त हे.” त्याने काळ्या भोकावर बोट ठेवलं. “दुसरी काच घेतली तरी हेच येणार. मी हरलो. हा जिवंत आहे.”

मामीने ओठांवर हात नेला, टाचण्या नव्हत्याच. मग ती आत गेली आणि कुंडी उचलून बाहेर आणली, पोटाशी धरून, काटे टोचत असतील तरी.

“तीन वर्षं खुंटी कोण म्हणत होतं?” तिने विचारलं.

“मी.”

“टोपी कोण अडकवत होतं?”

“मीच.”

“बरं,” मामी म्हणाली. मग मामाच्या हातातली काच काढून घेतली, दिव्याखाली धरली आणि त्या भोकाकडे बघत राहिली, कुणी कौतुकाने पहिलीच्या मुलाचं अक्षर बघावं तशी. हेडबाईंना तिने दोनदा दाखवली. हे काळं आहे ना, हे चालतंय बरं का, असं सांगून.

सोमवारी सकाळी मामा कामावर जायच्या आधीच खोली आवरत होता. ताडपत्री काढली, लेझर खोक्यात घातला, ट्रे धुऊन पालथ्या घातल्या. ट्यूबांतली हवा सोडली तेव्हा फरशी सुस्कारा टाकत खाली बसली. मशीन आत आलं. मुलीही आल्या, सहाच्या सहा, आणि दाराशी घोळका करून उभ्या राहिल्या. फरशी तेवढी राहिली होती. ती उचलायला चार माणसं लागतात आणि मामा एकटाच तिला भिंतीकडे रेटत होता.

मामीने कापड आणलं आणि कुठे पसरावं म्हणून बघितलं. मग ते फरशीवरच पसरलं. खडूने एका दमात रेघ ओढली. बोळातल्या डुगडुगत्या पाटावर तिची रेघ नेहमी शेवटी वाकायची. ही सुतासारखी सरळ गेली. तिने कापडाची सुरकुती तळहाताने सारखी केली, फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“हे राहू दे इथेच,” ती म्हणाली.

मामा रेटायचा थांबला. त्याने विचारलं, आणि या वेळी घशात घर्र झालंच नाही, “मी कधी येऊ?”

“रविवारी. दोन ते चार,” मामी म्हणाली आणि पहिली टाचणी ओठांत धरली. मग काहीतरी आठवून परत काढली. “आणि चपला बाहेर काढून.”