बिनओळखीचा घाट

वळण आलं की काका तोंडानं हॉर्न द्यायचे. "पोंऽऽ पों!" सायकलला घंटी होती, चांगली पितळी. पण ती त्यांच्या हिशेबी नव्हती. "घंटी देवाले. वळणाले हॉर्नच पायजे." नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत वळणांना तोटा नाही आणि प्रत्येक वळणामागून कोणीतरी दुचाकीवाला सुसाट येतोच. सकाळी सहाला तो आवाज आला की बायका दारातून म्हणायच्या, "निघाले वं काका." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, आठवून बघा.

आता ते लेकीकडे फ्रान्सला असतात, नात झाली म्हणून. मधे एवढा समुद्र आहे म्हणून तर मी हे बिनधास्त लिहितोय. इथं असते तर "काहून गा, माह्यावर लिवून राहिला?" म्हणत दारात उभे ठाकले असते.

चौतीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली, त्यातली बरीचशी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात. रिटायर झाल्यावर माणसं प्लॉट बघतात, तीर्थाला जातात. काकांनी सायकल घेतली. मी विमा कचेरीतला माणूस, पोट सुटलेलं, डॉक्टरनं दटावलेलं. त्यांच्यामागे फुटाळा तलावापर्यंत जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात तलावाच्या कठड्यावर बसून त्यांनी मनातली गोष्ट सांगितली.

"लोक म्हणतेत, तुम्ही आयुष्यभर घाट चढले. मी कुठी चढलो गा? इंजिन चढलं. मी तं बसून होतो."

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं. एक अख्खा घाट, खालपासून वरपर्यंत, मधे पाय न टेकता, स्वतःच्या पायांनी चढायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

मग चिखलदरा आहेच की घरचा! तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं. अहो, ते तीनदा गेले होते तिथं! घाट सुरू झाला की मागून येणारी प्रत्येक लाल बस थांबायची. स्टिअरिंगवर कोण? काकांच्या हाताखाली शिकलेलाच कोणीतरी. "भाऊ, हे काय? तुम्ही पायडल मारून राहिले अन् आम्ही गाडी नेऊ? बसा!" सायकल टपावर जायची आणि काका ड्रायव्हरच्या शेजारी. नाही म्हणावं तर पोराचा अपमान. तीनही वेळा काका चिखलदऱ्याला पोचले ते बसमधून. तिसऱ्या वेळी तर वर त्यांना चहा पाजून हारसुद्धा घातला. ते परत आले आणि चार दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

"मले असा घाट पायजे," ते पाचव्या दिवशी म्हणाले, "जिथं माही ओळख नाही."

लेक तेव्हा फ्रान्समध्ये नोकरीला लागली होती. ती वर्षभर मागे लागली होती, या म्हणून. काकांनी तिला एकच प्रश्न विचारला, तिकडे घाट आहे का. आणि बघता बघता मी, ज्यानं रामटेकच्या पलीकडे सायकल नेली नव्हती, ऑव्हेर्न नावाच्या डोंगराळ भागात भाड्याच्या सायकलीवर बसलो होतो. बायको म्हणाली होती, जा बापा, निदान पोट तरी कमी होईल.

काय तो मुलूख सांगू तुम्हाला! हिरवे गोल डोंगर, एकामागे एक. त्यांच्या कुशीत दगडी गावं, पाटीच्या काळ्या दगडाची छपरं, लाल-तपकिरी गाई. रस्ता असा की एक चढ संपला म्हणून हुश्श करावं तर समोर दुसरा. काका पहिल्याच दिवशी सायकल थांबवून कडेचा काळा दगड उचलून बघायला लागले. "हा तं आपलाच दगड हाय गा! चिखलदऱ्याचाच!" मी वाचलं होतं, तेही डोंगर ज्वालामुखीचेच. त्यांना फार आनंद झाला होता.

भाड्याच्या सायकलीला गिअर होते आणि तिथंच घोळ झाला. "एवढे गिअर! मी पाचात घाट काढला." पहिला चढ आला, काकांनी गिअर बदलला आणि धाडकन आडवे. पुन्हा बसले, पुन्हा आडवे. मला कळेना. मग लक्षात आलं. गिअर बदलताना त्यांचा डावा पाय पायडल मारायचा थांबून खाली दाबायला जायचा. क्लच! चौतीस वर्षांचा पाय तो, त्याला कोण समजावणार? दोन दिवस मी मागून ओरडत होतो, "काका, क्लच नाही! काका, उजवीकडून! इथं उजवीकडून चालतात!" आणि ते पुढून ओरडत होते, "पोंऽऽ पों!"

त्या हॉर्ननं गाई माना वर करायच्या. एकदा एक आजीबाई हातात फावडं घेऊन फाटकाबाहेर आल्या. काका थांबले, हात जोडले आणि शुद्ध वऱ्हाडीत म्हणाले, "घाट हाय माय, हॉर्न देनं लागते." आजीबाईंनी काय समजून घेतलं देव जाणे. आत जाऊन दोघांसाठी चीजचा एवढा मोठा तुकडा घेऊन आल्या. काकांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या समाधानासाठी सगळा खाल्ला. पुढच्या दोन डोंगरांत एकही हॉर्न वाजला नाही.

सहाव्या दिवशी खरा घाट आला. पायथ्याच्या गावापासून खिंडीपर्यंत नऊ किलोमीटर. काकांनी रात्रीच सांगून टाकलं होतं, "पाय टेकला तं घाट चढलो म्हणायचं नाही. तू मले थांबवू नको, पाणीबी देऊ नको." मला खरं तर भीती वाटत होती. त्यांचं वय चौसष्ट. लेकीनं मला बाजूला घेऊन दोनदा बजावलं होतं. आणि तरीही सांगतो, त्या सकाळी माझ्या छातीत जी धडधड होती ती भीतीची कमी आणि मजेची जास्त होती. हा माणूस चढणार! चढायलाच पाहिजे!

चौथ्या किलोमीटरला मी उतरलो. लाज कसली त्यात! सायकल ढकलत, धापा टाकत मी वर बघत होतो. काका एका वळणानं पुढे, मग दोन वळणांनी. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडे जोरात, बस्स. पण पाय थांबत नव्हते. रस्ता वर वेटोळे घेत गेला होता, म्हणून खालून मला त्यांचा निळा शर्ट सारखा दिसत होता.

खिंडीच्या थोडं खाली दरड कोसळली होती. अर्धा रस्ता खणून लोखंडी कठडे लावलेले, उरलेला अर्धा जेमतेम एका गाडीपुरता. काका त्या अरुंद पट्ट्यात शिरले आणि वरून बस आली.

अहो, बसच! पांढरी, गावोगाव जाणारी. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडे, समोरासमोर काका आणि बस. सायकलही निघायला जागा नव्हती. मी खाली जागच्या जागी उभा राहिलो. आता थांबावं लागणार. पाय टेकणार. नऊपैकी आठ किलोमीटर झाल्यावर! मी मोठ्यानं "अरे देवा" म्हणालो.

काकांचं हँडल डगमगायला लागलं, पण ते उतरले नाहीत. नागमोडी, मुंगीच्या पावलानं पुढे सरकत राहिले.

आणि बसचे मागचे, रिव्हर्सचे पांढरे दिवे लागले.

घाटाचा एक नियम असतो. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट. उतरणाऱ्यानं थांबायचं, वेळ पडली तर मागे सरायचं, कारण चढणाऱ्याचा दम एकदा तुटला की पुन्हा उचलत नाही. काकांनी हा नियम आयुष्यभर पाळला होता, आणि न पाळणाऱ्याला खिडकीतून काय काय ऐकवलं होतं ते इथं लिहिता येणार नाही. त्या फ्रेंच ड्रायव्हरला काका कोण हे काय ठाऊक! त्याला दिसला तो एक म्हातारा, चढणारा. ती लांबलचक बस चढावर उलटी, हळूहळू मागे गेली, रुंद जागेपर्यंत. काका तिच्या शेजारून पुढे गेले. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून हात उचलला, काकांनी हँडलवरून. मग बस खाली आली. मी सायकलसकट कडेच्या गवतात चढून उभा राहिलो.

मी खिंडीत पोचलो तेव्हा काका एका दगडावर बसून मोकळेपणानं रडत होते. मी त्यांना मिठी मारली, मग मीही रडलो. वारा असा काही सुटला होता की दोघांचे डोळे आपोआप पुसले गेले असते. आम्ही आपले रडतच राहिलो.

मग म्हणाले, "लाव गा फोन." फोन त्यांच्या कंडक्टरला. बावीस वर्षं त्यांच्याच गाडीवर, आता परतवाड्याला घरी असतो. मी लावला आणि स्पीकर चालू केला.

"पोचलो," काका म्हणाले.

"वर?"

"वर."

पलीकडून मग संशयानं, "खरं सांगा भाऊ. मंधात कोणाच्या गाडीत तं नाही ना बसले?"

"नाही गा. एक बस आली होती. तिनं मागं सरून वाट देल्ली."

"कोणाले?"

"मले."

कंडक्टरचा आवाज आला, अगदी बारीक. "तुमाले देल्ली, भाऊ?"

"काहून नाही देणार?" काका म्हणाले. "मी चढून राहिलो होतो ना."