बहिणींसाठी मागितलेली खोली

आमदार असताना मी सरकारकडून मनासारखी एकच गोष्ट मिळवली, ती म्हणजे एक खोली. रस्ते, पूल, सभामंडप सगळेच आमदार करतात, तसे मीही केले आणि पाट्यांवर नाव लावून घेतलं. खोलीला पाटी नव्हती. आज तिच्याबद्दल बोलायला लागले की तोंड कडू होतं, तरी बोलते.

आमच्या खानदेशात बाप गेला की भाऊ बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. तिथे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला फुकट लिहून देतात. मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हे कायद्याने सांगून बरीच वर्षं झाली. पण कायदा पुस्तकात असतो आणि भाऊ दारात उभा असतो. त्या दिवशी तो बहिणीला साडी-चोळी घेतो, परतताना हॉटेलात जेवू घालतो. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार, पण आम्ही त्याला माया म्हणतो.

मी विधेयक मांडलं. सहीआधी बहिणीला भावापासून वेगळं बसवावं, तिच्या वाट्याची किंमत एका जाणत्या बाईने तिला समजावून सांगावी आणि मग विचारावं, तुझी मर्जी आहे का? एवढंच होतं त्यात. अशासकीय विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, तोवर निम्मं सभागृह आपापल्या मतदारसंघाच्या वाटेला लागलेलं असतं. मंत्री हसून म्हणाले, ताईंच्या भावनांशी शासन सहमत आहे, त्यांनी विधेयक मागे घ्यावं. वाटाण्याच्या अक्षता लावायची ही सभागृहातली सभ्य रीत. मी मागे घेतलं आणि घरी जाऊन जेवले नाही.

मग आम्ही बायका, सगळ्या पक्षांच्या, पैशाच्या मागे लागलो. कायदा नको तर अर्थसंकल्पात एक ओळ द्या, एका कचेरीत एक खोली आणि तिथे बसणाऱ्या बाईचा पगार. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, दोन शब्द विचारायला खोली कशाला? बाकावर बसून विचारा की." बाकावर शेजारी भाऊ बसलेला असतो हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू! त्यांनाही बहिणी होत्या. विरोधी बाकांवरची एक सदस्या मात्र आपल्या पक्षाचा राग ओढवून घेत माझ्या बाजूने बोलली. ती बोलत होती तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण इथे उगाच बसलेलो नाही. ओळ मंजूर झाली, प्रायोगिक तत्त्वावर, माझ्याच मतदारसंघात.

भाषणात मी राज्यातल्या तमाम भगिनींचं नाव घेतलं होतं. मनात माझी धाकटी बहीण होती. तिचा नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. तो वारला तेव्हापासून ती नशिराबादला भाड्याच्या घरात राहून शाळेची खिचडी शिजवायची. घरमालकाच्या मर्जीप्रमाणे बिऱ्हाड हलवायची. अशातच आमचे वडील, नाना, गेले आणि मागे माझ्याच मतदारसंघातली, धुळ्याच्या वाटेवरची विहिरीची जमीन राहिली. तिच्या वाट्यात तिचं स्वतःचं घर सहज उभं राहिलं असतं.

भाऊ माझ्याकडे जळगावला आला. मी म्हटलं, "मी सही कराव नही, आन तिलेबी करू देवाव नही." तो शांतपणे चहा प्यायला. जाताना पायरीवरून म्हणाला, "अक्का, बठ्ठं गाव तुले मत देस ते मनामुये. याद ठेव." गावाची मतं त्याच्या शब्दावर पडत, हे खरंच होतं. आईने फोनवर सांगितलं, "तू आमदार शे, तुले काय कमी?" कमी कुणाला आहे ते बोलायचं ती टाळत होती, धाकटीचं नाव घेत नव्हती.

खोली सुरू झाल्यावर एकदा न कळवता पाहायला गेले. दार आतून बंद. जिच्यासाठी ही नोकरी निर्माण केली ती वकिलीण पोरगी बाहेर बाकावर, भावांच्या रांगेत बसलेली. मी विचारलं, आत कोण आहे? ती ओशाळून म्हणाली, "ताई, बहिणी साड्या बदलताहेत."

सही करताना कचेरीत कॅमेऱ्यापुढे फोटो काढतात. तो फोटो भावाने घेतलेल्या नव्या साडीत यावा अशी सगळ्यांची हौस. कचेरीत आडोसा नव्हता तोवर जमत नव्हतं, आता सरकारने कडी असलेली खोली दिली होती. कुणीतरी भिंतीला आरसाही लावला होता. "मी प्रत्येकीला विचारते हो," पोरगी म्हणाली. "त्या म्हणतात, विचारलं असं लिहून टाका, आणि एखादी पिन असेल तर द्या." मी संतापून आरसा उतरवायला लावला. पुढच्या खेपेला गेले तर तो परत लागलेला होता, आधीपेक्षा मोठा.

धाकटी सहीला आली तेव्हा मी आधीच कचेरीत जाऊन बसले होते. तिला आत नेलं. तिच्यामागे मीही उठले, तर पोरगी दारात आडवी आली. आत नातेवाइकांना, मग ते कोणीही असोत, प्रवेश नाही, हा नियम मीच हट्टाने घालून घेतला होता. म्हणून एका बाकावर भाऊ आणि समोरच्या बाकावर मी, असे आम्ही एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. देवाला सहसा गळ घालत नाही मी, त्या दिवशी घातली.

दार उघडलं. तिच्या अंगावर मोरपंखी साडी होती. नवरा गेल्यापासून तिने असा रंग अंगाला लावला नव्हता. माझ्याकडे पाहून लाजत म्हणाली, "कशी दिखस मी?" आणि सही करायला गेली.

बाहेर पडल्यावर माझा तोल गेला. टायपिस्ट, दलाल, सगळे बघत होते. "येडी शे का तू? घर गेलं ना तुनं!"

ती चिडली नाही. "घर भाड्यानं भेटस, अक्का. माहेर भाड्यानं भेटस का?" मग हळूच म्हणाली, "आन मी मरसू तवय मनावर लुगडं कोन टाकी?"

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून येतं, भाऊ आणतो. त्याशिवाय तिला उचलत नाहीत. याला अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षाखाली तरतूद मागायची?

मी सही केली नाही. माझा वाटा सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे, कसतो भाऊ. तो वाटा मी धाकटीला देऊ केला, तर म्हणाली, भावाला काय तोंड दाखवू? पुढच्या निवडणुकीत माहेरच्या गावाने मला पाडलं. खोलीची ओळ अर्थसंकल्पातून गेली, कारण अहवालात लिहिलं होतं की सर्व भगिनींनी स्वखुशीने सही केली, सबब आवश्यकता दिसून येत नाही. हे वाचून मी इतक्या शिव्या दिल्या की नवरा खिडक्या लावत फिरला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. भाऊ धाकटीला न्यायला नशिराबादला गेला, तिला घेऊन जळगावावरूनच गावी परतला आणि माझ्या दारी थांबला नाही. सण आटोपून ती माझ्याकडे आली, आईची खुशाली सांगितली, आईने लपवून दिलेली पुरणपोळी पिशवीतून काढली. मी खाईना. मी म्हटलं, तुझी सोय झाली, माझ्यावर लुगडं टाकायला आता कोण येणार आहे?

तिने याचा विचार आधीच केलेला दिसला. "तुनासाठे मी आनसू ना," ती म्हणाली. "खिचडीना पगार शे मना. रंग कोनता आनू, तेवढा सांगी ठेव."

मी तिच्यावर पुष्कळ ओरडले. मग रंग सांगितला.