समोरच्या सीटवरचं सुख

आता काय सांगू तुम्हाला, मी माझ्या पिकअपला बसवलेली समोरची चाकं एकदम फर्स्टक्लास होती! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही हसणार. हसा खुशाल. पण काम चोख होतं, हे मी आजही नागपुरात धरमपेठेच्या चौकात उभा राहून सांगेन.

गोष्ट सत्तर-बाहत्तरची. माझ्याकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकअप होती. कोणाचं सामान हलव, कोणाची संत्री आण, असं माझं चालायचं. इंजिन दणकट, पण समोरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, असे कडक, की रस्त्यात विडी पडलेली असली तरी मणक्याला कळावं. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणतो, भेटले की एकच धोशा लावायचे.

"जावईबापू, भंगारात द्या हे डबडं. हिंगण्याले कारखान्यात लावून देतो तुमाले."

कारखान्यात? मी? भोंगा वाजला की जेवायचं आणि भोंगा वाजला की उठायचं? अजिबात नाही!

मी बाबूलाल मिस्त्रीला गाठलं. भंगारातल्या एका मोटारीचा पुढचा सगळा सांगाडा आणला. दोन्ही चाकं सुटी, प्रत्येकाला आपली वेगळी गोल स्प्रिंग. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही! पंधरा दिवस कापाकापी, वेल्डिंग आणि शिव्या चालल्या. शेवटी बाबूलाल म्हणाला, "भाऊ, मागचे पाटे मालाच्या वजनाचे हायेत. माणसं बसली तं उसळतीन. दोन पाटे कमी करू का?"

"काहून? गाडी मी समोर बसून चालवतो का मागं बसून?"

हे वाक्य कोण बोललं? मीच.

त्याच आठवड्यात माझ्या मेव्हण्याचं, वसंताचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं पारशिवनीला. मामाजी भाड्याची मोटार पाहत होते. मी हट्टाला पेटलो. "सगळे माझ्या पिकअपमंदी! एकाची जरी तक्रार आली तं गाडी भंगारात अन् मी हिंगण्याले!"

माझ्या बायकोनं, कुसुमनं, कपाळाला हात लावला.

समोर मी आणि नवरदेव वसंता. मागे सतरंजीवर मामाजी, कुसुम, तिची मावशी आणि लाडवांचा डबा. चहाचा भरलेला ग्लास मी काचेजवळ ठेवला. कन्हान गेलं, तरी थेंब सांडला नाही!

"भाऊजी, पाळण्यात बसल्यावानी वाटून राहिलं," वसंता म्हणाला.

तेवढ्यात मागून कॅबिनच्या पत्र्यावर ठक-ठक. आता आपल्याकडचा कायदा काय? एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. मी जाऊ दिली. पुन्हा ठक-ठक. "पाह्य, मामाजी खूश हायेत!" म्हणून मी आणखी दाबली. प्रत्येक खराब पट्ट्यात ठक-ठक, आणि प्रत्येक वेळी माझा पाय खाली.

पारशिवनीला मुलीच्या दारात मागची फळी उघडली. मामाजींची टोपी मावशीच्या मांडीवर, मावशीचा चष्मा मामाजींच्या खिशात आणि लाडवांची परत बुंदी झालेली! व्याही हात जोडून उभे. मामाजी नमस्काराला वाकले ते सरळच होईनात.

"थांबवली काहून नाही?" ते वाकल्या वाकल्या ओरडले.

"तुमी दोन ठोके मारले. दोन म्हणजे जाऊ दे!"

"एकच मारला मी! दर वेळी एकच!"

"दोन! वसंताले विचारा!"

वसंता बिचारा हळूच म्हणाला, "दोनच आले, बाबा."

मी कशाला माघार घेतो? म्हटलं, "चहा सांडला का? नाही ना? मग गाडीत दोष नाही!"

"अवो, साक्षगंध चहाचं होतं का?" कुसुम फणकारली.

मामाजींनी कंबर धरली आणि शांतपणे निकाल दिला. "वापस जाताना तुमी मागं बसा, जावईबापू. नागपूर येईपर्यंत गाडी थांबवली नाही, तं गाडी ठेवा. थांबवली, तं हिंगणा."

"मंजूर!"

बायकांनी सरळ एसटी धरली. वसंता चालवायला, मामाजी त्याच्या शेजारी आणि मागे मी एकटा, छाती काढून.

पहिल्या खड्ड्यात छाती आत गेली. दुसऱ्यात जीभ चावली. पुढे तर मी आणि सतरंजी वेगवेगळे प्रवास करत होतो. कॅबिनच्या मागच्या काचेतून पाहतो, तर मामाजी चक्क घोरत होते. माझ्याच चाकांवर!

कन्हानच्या पुलाआधी मी हरलो. हो, हरलो. हिंगणा तर हिंगणा, भोंगा तर भोंगा! कसाबसा गुडघ्यांवर उठलो, मूठ वळली आणि पत्र्यावर ठोका मारला. एकच. देवाशपथ एकच.

त्याच क्षणी खड्डा आला, मी उसळलो आणि माझं टाळकं त्याच पत्र्यावर आपटलं.

ठक-ठक.

वसंतानं गाडी सुसाट सोडली.

धरमपेठेत मामाजी ताजेतवाने होऊन उतरले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "मानलं बाप्पा तुमाले! एकदाबी थांबवली नाही!"

मी टोपी टेंगळावर ओढली. "थांबवाची काहून? मस्त तं चालते!"

दुसऱ्या दिवशी बाबूलालकडे जाऊन गुपचूप मागचे दोन पाटे काढून घेतले. ती पिकअप मी पुढे कित्येक वर्षं चालवली, हिंगण्याचा भोंगा कधी ऐकला नाही. लोक म्हणतात, गाडी वाचली ती माझ्या हिमतीनं. मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या अख्ख्या कामात माझं डोकं तेवढं एकदाच उपयोगी पडलं.