झाइन्वलची लेक रडेना

बेरेझिव्का गावचा झाइन्वल तसा साधा माणूस. दाढी आखूड, कोट लांब आणि कोटाचे खिसे भलते खोल. पण एका बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे. त्याच्या व्हायोलिनपुढे नवरीचे डोळे कोरडे राहिले, असं त्या मुलखात कधी झालंच नव्हतं.

लग्नाच्या छत्राखाली जाण्याआधी नवरीला खुर्चीत बसवायचं, लग्नातल्या विदूषकाने यमकं जुळवत तिला माहेर सुटल्याची जाणीव करून द्यायची आणि वादकाने असा सूर धरायचा की तिने हमसून रडावं, ही आम्हा ज्यूंची रीत. न रडता छत्राखाली गेलेली मुलगी म्हणजे बिनकाळजाची, असं बायका तोंडावर बोलत. गिरणीवाल्याची मुलगी एकदा हट्टाने दात आवळून बसली होती. झाइन्वलने दोनदा गज फिरवला आणि तिच्याबरोबर तिची आत्यासुद्धा रुमाल शोधू लागली.

अशा या झाइन्वलच्या एकुलत्या एक ब्राइनेचं लग्न ठरलं, ते नेमकं लिपोव्काच्या कल्मनच्या मुलाशी. कल्मन गळ्यात संतूर अडकवून वाजवायचा आणि त्याच्या वादकांच्या ताफ्याचं झाइन्वलच्या ताफ्याशी जुनं वाकडं. "बेसूर ऐकून रडतात त्या पोरी," असं तो चारचौघांत म्हणायचा.

"तुम्ही बापासारखे पाहुण्यांत बसा," झाइन्वलच्या बायकोने, फ्रूमेने, त्याला बजावलं. "वाजवायला दुसरा कुणी बघा."

"माझ्या लेकीला दुसऱ्याने रडवायचं? मी काय मेलोय?"

"वाजवा की, व्याहीबुवा," कल्मन मिशीत हसला. "आम्ही सगळे पुढेच बसतो."

आणि बसलेच. लग्नाच्या दुपारी लिपोव्काचा अख्खा ताफा हाताची घडी घालून पहिल्या बाकावर. लाइझर विदूषकाने यमकांची झड लावली, बायकांची नाकं सूं सूं करू लागली. झाइन्वलने डोळे मिटले आणि तो नावाजलेला सूर धरला.

ब्राइने हसली.

झाइन्वलने एक डोळा उघडला. सूर आणखी खाली नेला, आणखी कातर केला. पोरीच्या गालाला खळी पडली. वर तिने आवंढा गिळला.

"अगं बाई, हसतेय!" मागून एक म्हातारी म्हणाली. "सासरी जायची एवढी घाई?"

झाइन्वल वाजवता वाजवताच लेकीच्या कानाशी वाकला. "रड की, पोरी! बापाचं नाक कापतेस?"

"काय करू, ताते? हा सूर लागला की मला मधाचा केकच दिसतो."

आता यात पोरीचा काय दोष? प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी झाइन्वल घरी हाच सूर घोटायचा आणि दुसऱ्या दिवशी लग्नघरचा मधाचा केक रुमालात बांधून, खिशात घालून आणायचा. पाळण्यात असल्यापासून ब्राइनेने हेच पाहिलेलं. सगळ्या जगाला रडवणारा सूर तिला खाऊची वर्दी वाटायचा.

"त्यात आज सकाळपासून माझा उपास," ती कळवळून म्हणाली. नवरीने छत्राखालून येईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. "आणि तुम्ही नेमकं हेच वाजवताय!"

सगळं दालन खदखदून हसलं. कल्मनने मांडीवर थाप मारली. "व्याहीबुवांनी पाणी काढलं हो! डोळ्यांतून नाही, तोंडातून!"

झाइन्वलचा चेहरा पडला. उभ्या आयुष्याची अब्रू अशी पोटच्या पोरीने घालवावी! त्याने व्हायोलिन खाली घेतलं आणि कपाळाचा घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला.

रुमालाला गाठ होती. गाठीत मधाचा केक.

सकाळी टेबलं मांडताना त्याच्या हाताने सवयीने एक तुकडा उचलला होता, बांधला होता, खिशात टाकला होता. घरी न्यायला. झाइन्वल त्या गाठोड्याकडे बघतच राहिला. लेक तर संध्याकाळी कल्मनच्या गाडीतून लिपोव्काला जाणार होती.

ब्राइनेनेही ते पाहिलं. तिची खळी विरली.

"ताते," ती हळूच म्हणाली, "हा कुणासाठी?"

झाइन्वलने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. मग मात्र ब्राइने रडली. अशी रडली की लाइझर आपली यमकं विसरला, फ्रूमेने एप्रन तोंडात कोंबला आणि कल्मन "धूर फार आहे इथे" म्हणत डोळे चोळू लागला. चूल अंगणात होती.

"अरे, वाजव! आता वाजव!" लाइझर ओरडला. पण झाइन्वल व्हायोलिन बगलेत धरून बाहीने डोळे पुसत होता.

तेव्हा कल्मन उठला. त्याने बाकाखालचं आपलं संतूर गळ्यात अडकवलं आणि तोच सूर वाजवला. झाइन्वलचाच, एकही वळण न चुकता.

"चोरा!" झाइन्वल रडता रडता म्हणाला. "हे कुठून उचललंस?"

"तू वाजवायचास त्या प्रत्येक लग्नात खिडकीबाहेर उभा असायचो," कल्मन म्हणाला. "थंडीने मेलो असतो एकदा."

छत्राखाली रीतीप्रमाणे नवऱ्याच्या पायाखाली पेला फुटला, "मझल तोव!" असा शुभेच्छांचा गजर झाला आणि उपास सोडायला नवरानवरीपुढे कोंबडीचा पिवळाधमक रस्सा आला. ब्राइनेने वाटी बाजूला सारली, रुमालाची गाठ सोडली आणि आधी केकचाच घास घेतला. उरलेला अर्धा तिने परत रुमालात बांधला आणि बापाच्या खिशात सरकवला.

"घरी न्या," ती म्हणाली. "आता आईसाठी आणत जा."