सीमेवरचा एक सहज प्रश्न

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात चंद्रकांतकाका दामल्यांसमोर अमेरिकेच्या राजकारणाचा विषय काढायची सोय नव्हती. "सीमेवर कडक तपासणी हवीच! खरं बोलणाऱ्याला भीती कसली?" असं म्हणत ते टेबलावर मूठ आपटायचे.

परवा पत्नी प्रमिलाकाकूंना आणि नात रुचाला घेऊन ते गाडीने सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला निघाले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळता चाळता सहज विचारलं, "आमचं राजकारण फॉलो करता का?"

काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. "नो सर, नेव्हर!"

अधिकाऱ्याने हसून पासपोर्ट परत दिले. गाडी पुढे सरकली. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

मागून रुचाने विचारलं, "आजोबा, व्हाय वर यू स्केअर्ड?"

आरशात तिची नजर भिडली. काकांनी आरसा वर वळवला.