अब्बांच्या कानाने हेवी मेटल

अब्बा गाडीत असले की काहीही लावायचं नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम. ते मिरजेत सतारी आणि तंबोरे करतात. वय पंचाहत्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, पण कान अजून असे की गल्लीतून सायकल गेली तरी कुणाची ते सांगतील. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तारेशी माझा संबंध उरला तो एवढाच. वाद्यांचं काम धाकट्या भावानं उचललं.

गेल्या हिवाळ्यात वाईच्या एका गाण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांचा तंबोरा अब्बांनीच केलेला, तरुणपणी. तो मुका झालाय म्हणाल्या. मिरजेला आणताना भोपळा तडकायची भीती, म्हणून अब्बाच हत्यारांची पिशवी घेऊन निघाले आणि मी गाडी काढली.

आष्टा मागे पडलं. अब्बांना काच खाली करायची होती. त्यांनी समोरचं भलतंच बटण दाबलं आणि गाडीत एकदम ड्रम फुटले.

झालं होतं असं, की आदल्या रात्री कॉलेजातल्या मित्रानं मला एका जुन्या हेवी मेटल बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह पाठवला होता. बारावीत आम्ही दोघांनी मिळून घेतलेली कॅसेट तीच. मी सकाळी दुकानात जाताना दोन गाणी ऐकली आणि फोन तसाच गाडीला जोडलेला राहिला.

"बंद करतो," मी घाईनं म्हणालो.

"थांब." अब्बांनी हात आडवा केला. "हे तेच न्हवं? तरफावालं?"

घरी आम्ही मिरजेच्या हिंदीत बोलतो, पण इथं मराठीत सांगतो. तेच होतं. त्या काळी मी ही कॅसेट कारखान्यात लावायचो, कारण टेपरेकॉर्डर तिथंच होता. एका दुपारी आवाज पूर्ण वाढवला, आणि भिंतीवर टांगलेल्या पाच-सहा सतारींच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, आपोआप गुणगुणायला लागल्या. कुणी हात लावलेला नाही आणि अख्खी भिंत बोलतेय! अब्बा जेवणावरून उठून उष्ट्या हातानं धावत आले. त्यांना वाटलं पोरांनी वाद्यांशी खेळ मांडलाय. खरं कळल्यावर त्यांनी टेप बंद केला आणि एवढंच म्हणाले, "ह्यांना असलं काही शिकवू नकोस." त्यानंतर कॅसेट मित्राच्याच घरी राहिली.

आता ते डोळे मिटून ऐकत होते. मी रस्त्याकडे बघत दरडावणीची वाट बघत होतो. तिसरं गाणं संपल्यावर म्हणाले, "खालची तार मुद्दाम ढिली केलीय त्यानं. जड लागावी म्हणून."

मी चाटच पडलो. ही गोष्ट मला कित्येक वर्षांनी इंटरनेटवर वाचून कळली होती.

"आणि जवारी लय उघडी ठेवलीय."

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा, ज्या पट्टीवर तारा टेकतात तिचा, माथा कानशीनं असा घासायचा की तार त्याला हलकी चाटून जाते आणि झणकार उठतो. मी समजावलं, की इथं घोडी-बिडी नाही, विजेची एक डबी असते, ती आवाज फाडते.

"डबीनं कर न्हाईतर कानशीनं कर. स्वराला धार आली म्हंजे झालं."

पेठ नाक्याशी आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर हे एवढे कर्णे. त्याच्या गाण्यात आमचं गाणं बुडालं. अब्बा वैतागले.

"वाढव रं आवाज. आपलं ऐकू येईना."

आपलं! मी आवाज वाढवला. ओव्हरटेक करताना ट्रॅक्टरवाल्यानं वाकून आत बघितलं. पांढरी दाढी, जाळीची टोपी, आणि हा दणदणाट. त्यानं सरळ सलाम ठोकला.

वाईत अब्बांनी दोन तास घोडी घासली. तारेखालचा दोरा केसभर सरकवला, परत घासली, परत छेडली. शेवटी षड्ज असा भरून आला की बाईंनी तिथंच त्यात आपला सूर मिसळला. चहा आला. अब्बांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "बाई, आमच्या पोराचं गाणं ऐका एक."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंनी खरंच ऐकलं. मांडीवर ताल धरून, अख्खं गाणं.

"दम आहे हो गड्यात. पण एवढा चिडलाय कशावर?"

"जेवला नसंल," अब्बा म्हणाले.

"शब्द काय आहेत?" बाईंनी मला विचारलं.

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हते. तीस वर्षं मी ते गाणं घसा फोडून म्हणत आलो, पण ऐकू येतील तसे शब्द घालून. तसं कबूल केल्यावर बाई हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, "अरे, मी ज्या बंदिशीवर बक्षिसं मिळवली तिच्यातला एक शब्द चुकीचा गात होते, हे मला साठीत कळलं. एका विद्यार्थिनीनं सांगितलं. आता बरोबर म्हणायला गेले की अडखळते."

मग त्यांनी तो शब्द दोन्ही तऱ्हांनी गाऊन दाखवला. मला चुकीचाच जास्त आवडला.

परतीच्या वाटेवर अब्बांनी प्रत्येक गाण्याचा षड्ज ओळखायचा खेळ काढला. एका संथ गाण्यापाशी मात्र त्यांनी खेळ थांबवला. ते गाणं मला पुन्हा लावायला सांगितलं. कराडपर्यंत आम्ही ते चारदा ऐकलं. इतकी वर्षं मी ते गाणं पुढं ढकलत आलो होतो, वेगवान नाही म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की त्यात मागं एक गिटार सगळा वेळ एकाच स्वरावर बसून आहे.

घरी पोचलो तर अम्मीनं दारातच विचारलं, "झालं का काम? एवढा उशीर?"

"झालं," चपला काढत अब्बा म्हणाले. "येताना जरा गाणी ऐकली."

"तुम्ही? कुणाची?"

"त्याला विचार. नाव सांगितलं त्यानं, पण जिभेवर बसंना."